सहावा पेला

एस्त्रेमोझच्या सहकारी तळघरात
नोव्हेंबरात परीक्षा असते आमची.
मेजावर सात बाटल्या, सातही मोज्यांत घातलेल्या.
मोजे एर्मीनियाबाईंच्या नवऱ्याचे; तो गेला त्याला आठ वर्षं झाली.
एकाची टाच विरली आहे, तिथून हिरवी काच डोकावते.
तिकडे बघायचं नाही.

पाचव्या पेल्यापर्यंत मी बरी होते.
सहावा आला
आणि पेल्यामागे धरलेलं माझं बोट गेलं.
दिव्यासमोर धरला, दिवा गेला.
पांढऱ्या कागदावर तिरका केला,
तर कडेला जेमतेम केसभर जांभळं,
बाकी सगळी दौत.

बाल्टाझार म्हणाला, नऊ मिनिटं.
ऑलिम्पियो, गुरांचा डॉक्टर, लगेच लिहून मोकळा: सिरा.
मिरी लागली म्हणे.
त्याला दुधातही मिरी लागते.
एव्होराहून आलेल्या फिलीपानं तान्नात लिहिलं, मग खोडलं.
खोडलेलं मला दिसलं.
खरं तर तेही बघायला नको होतं.

वास घेतला. तुती. मिठातलं काळं ऑलिव्ह.
पाऊस पडून गेल्यावर बुचाच्या झाडाची साल.
मग घोट.
हिरड्या आवळून बसले होते, आता तुरटपणा येईल म्हणून.
आला, पण सावकाश,
टोपी काढून हातात धरलेल्या पाहुण्यासारखा.

इथंच हिशेब जुळेना.
एवढा रंग, आणि तुरटपणा एवढाच?
हा सगळा रंग सालीनं दिला असता
तर एव्हाना जिभेचं चामडं झालं असतं.
म्हणजे रंग सालीचा नाही.
निदान सगळा नाही.

काळी द्राक्षं बहुतेक आतून गोरी असतात.
नखानं सोलून बघा, गर फिका, पाण्यासारखा;
काळेपणा नुसता अंगरख्याचा.
एखादंच असं
की कापलं तर आतही लाल,
बीपर्यंत लाल.

अलिकांत बूशे.
रंगारी द्राक्ष.
पूर्वी फिक्या पिंपात याच्या दोन बादल्या ओतायचे,
की अख्खं पिंप तोंड रंगवून बाजारात उभं.
नाव मात्र दुसऱ्याचं.

लिहिलं.
पावाचा तुकडा चावला, उरलेल्या तुकड्यावर निळे दात उमटले.
दुसरा रकाना, साल. लिहिलं, सहा वर्षांपूर्वीचं.
तिसरा रकाना, जागा.
नाक पुन्हा पेल्यात घातलं. एकदा. आणखी एकदा.
संगमरवराची खडी? उतार? उत्तरेचा वारा?
काही म्हणता काही बोललं नाही.
कोरा सोडला.

बाल्टाझार मोजा टाचेकडून उतरवतो,
जखमेवरची पट्टी काढावी तसा.
द्राक्ष बरोबर.
साल बरोबर.
जागा: अंजिराचं टेकाड, सोळा ओळी.

दोन हिवाळ्यांपूर्वी आईनं विकलेलं टेकाड.
आणि सहा वर्षांपूर्वीची सुगी,
तेव्हा वडील पाठीला पट्टा बांधून अंथरुणात,
कात्री माझ्या हातात.
नाताळपर्यंत नखं काळी होती.
साबण, लिंबू, राख, सगळं हरलं.
चर्चमध्ये हातमोजे घालून गेले होते.

कुणी काही बोललं नाही.
फिलीपा कागदाची घडी घालत राहिली, मग उलगडत.
बाल्टाझारनं चष्मा काढला.
म्हणाला, लिओनिल्दे, तुला हे कसं...
मी म्हटलं, झाकलेलं होतं ना.

सातवा पेला मी ओळखला की नाही, आठवत नाही.
पांढरी वाइन होती बहुतेक.

घरी गेले तर आई मटार सोलत होती.
दिव्याखाली माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली,
दात कशानं निळे?
म्हटलं, परीक्षा होती.
मग बसले तिच्याजवळ,
आणि ती विचारील त्याच्या आधी
एक शेंग उचलली.